वाढपी किती लागतील?

गर्दीच्या वेळी सर्व्हर वाढवायचे आणि गर्दी ओसरली की ते आवरायचे, हे काम आता यंत्रच करतात. पण त्या यंत्रांवर नजर ठेवायला रात्री दोन वाजता जी उठते, तिचं काय?

निकालाचा दिवस असो, ‘तत्काळ’ तिकिटाची सकाळी दहाची वेळ असो, की ऑनलाइन सेलची मध्यरात्र, एक वाक्य आपल्या तोंडी हमखास येतं, ‘सर्व्हर डाउन आहे वाटतं!’ बँकेतला कारकून, रेशन दुकानदार, सेतू केंद्रातली मुलगी, सगळेच ते म्हणतात. हे वाक्य आता इतकं मराठी झालंय की त्याचा अर्थ विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. आपण हात जोडतो आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो.

पण हा सर्व्हर म्हणजे नेमकं कोण? तो मध्येच का बसतो? आणि त्याला उठवण्यासाठी कोण उठतं? आयटीत नोकरी करणाऱ्या लेकी-सुना आता घरोघरी आहेत. ‘ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ एवढंच आपल्याला त्यांच्या कामाबद्दल माहीत असतं. त्यातल्याच एका कामाची ही ओळख.

सर्व्हर या शब्दाचा साधा अर्थ वाढणारा. म्हणजे आपला वाढपीच. आपण मोबाइलवर काहीतरी मागतो, तो ते आणून आपल्या पानात वाढतो. आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. मुहूर्त बारा सदतीसचा. तोवर जेवणाच्या हॉलमध्ये चिटपाखरू नसतं. अक्षता पडल्या रे पडल्या की तीनशे माणसं एकदम पानांवर येऊन बसतात. सकाळपासून वीस वाढपी लावून ठेवले, तर ते नुसता चहा पीत बसणार आणि मजुरी मात्र दिवसाची घेणार. पाचच ठेवले, तर वरण येईपर्यंत भात गार! ज्या घरात एखादी जाणती काकू असते, तिथं हा प्रश्न येत नाही. अक्षतांच्या आधी पाच मिनिटं ती घरातली सगळी पोरं हेरते, प्रत्येकाच्या हातात एकेक भांडं देते आणि दुसरी पंगत उठल्यावर ‘आता तुम्ही बसून घ्या रे’ म्हणून त्यांना मोकळं करते.

मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागात हेच काम चालतं. त्याला तिथं ‘स्केल अप’ आणि ‘स्केल डाउन’ म्हणतात. म्हणजे वाढपी वाढवणं आणि कमी करणं.

डब्यातला संसार

पूर्वी हे एवढं सोपं नव्हतं. कंपनीला वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा हिशेब करून तेवढी यंत्रं विकत घेऊन ठेवावी लागत. दिवाळीला पाहुणे येतात म्हणून आठ खोल्यांचं घर बांधायचं आणि उरलेलं वर्षभर सहा खोल्यांना कुलूप लावायचं, असा प्रकार. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉननं आपली यंत्रं तासाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि चित्र बदललं. हवे तेवढे संगणक भाड्यानं घ्या, काम झालं की परत करा.

तरी एक अडचण उरलीच. नवं यंत्र घेतलं की त्यावर सगळी मांडामांड करायला वेळ लागायचा. एखाद्या यंत्रावर एक गोष्ट कमी, दुसऱ्यावर भलतीच जादा. ‘माझ्या कॉम्प्युटरवर तर चालत होतं’ हे वाक्य आयटीच्या लोकांनी एकमेकांना किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

त्यावर उपाय सापडला तो डब्याचा. पोळी, भाजी, चटणी, चमचा सगळं एकाच डब्यात भरून दिलं, की तो ऑफिसात उघडा नाहीतर गाडीत, जेवण तेच. तसंच एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात बंद करायचं. या डब्याला कंटेनर म्हणतात. हे नाव आलं ते जहाजांवरून. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लिन या अमेरिकी व्यावसायिकानं ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्यानंतर जगाचा व्यापारच बदलून गेला. न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरवर आपण बघतो त्या पेट्या त्याच कुळातल्या. संगणकातला डबा लोकप्रिय केला ‘डॉकर’ने. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी तो अमेरिकेतल्या एका परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात दाखवला होता.

आता डबे आले, तर डबेवालेही हवेत! कोणता डबा कुठल्या यंत्रावर ठेवायचा, एखादा सांडला तर त्याच्या जागी दुसरा कसा द्यायचा, गर्दी वाढली तर आणखी किती डबे उघडायचे, ही व्यवस्था बघणारी प्रणाली गूगलनं जून २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिचं नाव ‘कुबरनेटीज’. मूळ शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यातला तांडेल म्हणा ना! बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या अशा अनेक ठिकाणी आज या तांडेलाच्या हाती कारभार आहे.

दर पंधरा सेकंदांनी

हा तांडेल करतो काय? साधारण दर पंधरा सेकंदांनी सगळ्या डब्यांवरून नजर फिरवतो. आपण त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की प्रत्येक डब्यावर सरासरी ५० टक्केच भार असू दे. समजा, चार डबे चालू आहेत आणि भार गेला ९० टक्क्यांवर. तो साधं त्रैराशिक मांडतो. चार गुणिले ९०, भागिले ५०, उत्तर ७.२. पाव वाढपी तर ठेवता येत नाही, म्हणून वरचा पूर्ण आकडा घ्यायचा, आठ. लगेच आणखी चार डबे उघडले जातात. पुढे भार २० टक्क्यांवर उतरला की पुन्हा तेच गणित. आठ गुणिले २०, भागिले ५०, उत्तर ३.२. म्हणजे चार ठेवा, चार बंद करा.

सातवीच्या मुलीला जमेल असं हे गणित. मग अवघड काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे, डबा उघडला म्हणजे तो लगेच वाढायला तयार असतो असं नाही. कढई तापायला वेळ लागतो. काही मोठे प्रोग्रॅम सुरू होऊन कामाला लागायला मिनीट-दोन मिनिटं घेतात. तेवढ्यात पंगत ओरडायला लागते. डबे ठेवायला मुळात यंत्रच कमी पडलं, तर नवं भाड्यानं घेण्यात आणखी वेळ जातो. म्हणून ‘मी तयार आहे’ असा निरोप डब्याकडून आल्याशिवाय त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवायचं नाही, अशी सोय करावी लागते.

दुसरी गोष्ट, वाढपी कितीही वाढवले तरी कोठीघर एकच असेल, तर सगळे त्याच्या दारात रांग लावून उभे राहणार. संगणकातलं कोठीघर म्हणजे डेटाबेस, जिथं सगळ्या नोंदी असतात. नव्या मुली इथं हमखास अडखळतात. साइट हळू झाली म्हणून डबे वाढवत जायचं आणि त्यामुळेच डेटाबेसचं कंबरडं मोडायचं!

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. ती म्हणजे आवरणं.

वाढवणं सोपं, आवरणं अवघड

कुठल्याही गृहिणीला विचारा, पसारा घालायला किती वेळ लागतो आणि आवरायला किती! इथंही तेच आहे. भार कमी झाला म्हणून तांडेलानं लगेच डबे बंद केले आणि दुसऱ्याच मिनिटाला पुन्हा गर्दी आली, तर? पुन्हा उघडा, पुन्हा बंद करा. सगळा वेळ दारं उघडण्या-लावण्यातच जायचा. म्हणून कमी करताना तो घाई करत नाही. गेल्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त किती डबे लागतील असं वाटलं होतं, तो आकडा धरून चालतो. वाढवताना लगेच, कमी करताना सबुरीनं, हा कुबरनेटीजचा मूळ स्वभाव आहे. हवा तर तो बदलताही येतो.

डबा बंद करण्याचीही एक रीत आहे. त्याला आधी निरोप जातो, ‘हातातलं आटप, नवं काही घेऊ नकोस.’ त्यासाठी तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात तो थांबला नाही, तर सरळ वीज कापल्यासारखा बंद केला जातो. पंगतीत अर्ध्या रांगेला मठ्ठा वाढून झालाय आणि वाढप्याच्या हातून भांडं काढून घेतलं, तर उरलेल्या रांगेनं काय करायचं?

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या टीमला नेमका हाच अनुभव आला. त्यांची प्रणाली अनेक कंपन्यांच्या पगाराचे हिशेब करते. महिनाअखेरीला काम वाढतं, डबे आपोआप वाढतात. त्या रात्रीही वाढले. पण पगाराच्या पावत्या तयार करणारे डबे बराच वेळ डेटाबेसकडून उत्तराची वाट बघत थांबले होते. वाट बघणाऱ्याचं डोकं काही चालत नसतं. त्यामुळे भाराचा आकडा उतरला. तांडेलाला वाटलं, हे रिकामेच बसलेत. त्यानं निम्मे डबे बंद करायला घेतले. एकेका गठ्ठ्याचं काम चार-चार मिनिटांचं आणि आटपायला मिळाले तीस सेकंद! गठ्ठे अर्धवट राहिले. दुसऱ्या डब्यांनी ते पहिल्यापासून उचलले. परिणाम काय, तर काही जणांना पगाराची पावती दोनदा गेली आणि काहींना गेलीच नाही.

मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं. यंत्राच्या मते सगळं उत्तम चाललं होतं. भार कमी, खर्च कमी. मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.’’

दुरुस्ती तीन भागांत झाली. डोकं किती चालतंय यापेक्षा रांगेत किती गठ्ठे उरलेत, हे बघून डबे वाढवायचे-कमी करायचे ठरलं. आटपायला तीस सेकंदांऐवजी पुरेसा वेळ दिला. आणि मोठा गठ्ठा लहान लहान पुड्यांत विभागून प्रत्येक पुडीवर ‘झाली’ अशी खूण करायला सुरुवात केली, म्हणजे मध्येच थांबावं लागलं तरी पुढच्याला नेमकं कुठून घ्यायचं ते कळावं. शिवणकाम अर्धवट ठेवताना आपण सुई तिथंच टोचून ठेवतो, तशातली गत! काय मोजायचं हे चुकलं, तर यंत्र चुकीचा निर्णय अगदी बिनचूक घेतं, हा तिचा निष्कर्ष मला फार पटला.

धोनी बाद झाला आणि...

आवरण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण क्रिकेटचं आहे. १० जुलै २०१९, मँचेस्टरचं मैदान, विश्वचषकाची उपान्त्य फेरी. पावसामुळे दुसऱ्या दिवशी ढकललेला भारत-न्यूझीलंड सामना. जडेजा आणि धोनी किल्ला लढवत होते. हॉटस्टारवर तो सामना एकाच वेळी बघणाऱ्यांची संख्या २ कोटी ५३ लाखांवर पोहोचली. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. मग गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला. देशभर लोकांनी एकदम मोबाइलवर ‘बॅक’चं बटण दाबलं. काही मिनिटांत प्रेक्षक दहा लाखांच्याही खाली!

आता वाटेल, बरं झालं, यंत्रांना विश्रांती. तसं नसतं. ‘बॅक’ दाबलं की माणूस सामन्यातून बाहेर पडतो तो अ‍ॅपच्या पहिल्या पानावर येतो. म्हणजे सामन्याच्या हॉलमधून उठलेली गर्दी एकाच वेळी ओसरीवर! सामना दाखवणारे सर्व्हर मोकळे होत असताना पहिलं पान दाखवणाऱ्यांवर अचानक भार येतो. त्याची तयारी आधीच करून ठेवावी लागते. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी ही सगळी हकिगत पुढे जाहीर भाषणांत सांगितली.

त्यांनी त्या वेळी तयार मिळणाऱ्या आपोआप-वाढीवर भरवसा ठेवला नव्हता. काही टप्प्यांवर मिनिटाला दहा लाखांच्या आसपास प्रेक्षक वाढतात, मग भार वाढल्यावर नवं यंत्र मागवायचं म्हणजे वरात दारात आल्यावर कणीक मळायला घेण्यासारखं. त्यांनी प्रेक्षकसंख्येच्या पायऱ्या ठरवल्या. अमुक लाख झाले की एवढी यंत्रं, तमुक लाख झाले की तेवढी. वर थोडी शिल्लकही ठेवली. शिवाय संकटाच्या वेळी कशावर पाणी सोडायचं तेही आधीच ठरलेलं होतं. ‘तुम्हाला हेही आवडेल’ असल्या शिफारशी वगैरे बंद झाल्या तरी चालतील, पण सामना दिसलाच पाहिजे!

बाळंतिणीच्या खोलीतलं संशोधन

जे महत्त्वाचं ते आधी, बाकीचं मागून, ही कल्पना एका बाईनं अर्धशतकापूर्वीच यंत्राला शिकवली होती. तिची गोष्ट सांगायलाच हवी.

टेलिफोन आले तेव्हा फोन जोडून देणारी माणसंच होती. सुरुवातीला या कामावर पोरसवदा मुलगे असत, पण ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर रुजू झाली आणि पुढे हे काम जगभर बायकांचंच झालं. किती वाजता किती ऑपरेटर बसवायच्या? कमी बसवल्या तर लोक खोळंबतात, जास्त बसवल्या तर पगार वाया. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अ‍ॅग्नर एरलँग या गणितज्ञानं १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. त्यातून उभं राहिलेलं रांगांचं शास्त्र आजच्या सर्व्हरच्या हिशेबालाही लागू पडतं. म्हणजे बघा, ‘सर्व्हर किती हवेत’ या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर शोधलं गेलं, तेव्हा सर्व्हर म्हणजे खुर्चीवर बसलेल्या हाडामांसाच्या मुली होत्या.

पुढं फोन जोडण्याचं काम संगणकाकडे गेलं. पण एकदम खूप फोन आले की तो गोंधळून ठप्प व्हायचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एर्ना श्नायडर हूव्हर नावाची बाई १९५४ पासून काम करत होती. पदवी तत्त्वज्ञान आणि इतिहासाची, डॉक्टरेट येल विद्यापीठाची, तत्त्वज्ञान आणि गणिताच्या पायाभूत सिद्धान्तांवरची. तिनं असा उपाय शोधला की संगणकानं स्वतःच येणाऱ्या फोनच्या वेगाकडे लक्ष ठेवायचं आणि भार वाढला की नवे फोन स्वीकारण्याचा वेग कमी करायचा. फोन घेणं-जोडणं आधी, बिलाच्या नोंदींसारखी कामं मागून. या संशोधनाची पहिली रेखाटनं तिनं काढली ती दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर इस्पितळात, बाळंतिणीच्या खाटेवर! पेटंटच्या कागदांवर सह्या घ्यायला वकिलाला तिच्या घरी यावं लागलं होतं. २३ नोव्हेंबर १९७१ रोजी तिला पेटंट मिळालं. सॉफ्टवेअरवर दिल्या गेलेल्या पहिल्या काही पेटंटांपैकी ते एक. १९७८ मध्ये ती बेल लॅब्जच्या तांत्रिक विभागाची पहिली स्त्री प्रमुख झाली.

तिला बाळंतपणाची रजा होती, घरी तीन मुली झाल्या, तरी काम सुटलं नाही. आजच्या मुलींना हे वाचताना हेवा वाटेल, कारण त्यांची अडचण वेगळीच आहे.

यंत्रं वाढतात, माणसं नाहीत

आपोआप वाढणारे-कमी होणारे सर्व्हर आले, म्हणजे माणसाला झोप मिळायला हवी होती. काही अंशी मिळालीही. पण यंत्राला कळेनासं झालं की ते कुणाला तरी फोन करतं. अशा फोनसाठी आळीपाळीनं तयार राहावं लागतं, त्याला ‘ऑन-कॉल’ म्हणतात. ज्या आठवड्यात आपली पाळी, त्या आठवड्यात लॅपटॉप उशाशी. हळदीकुंकवाला जायचं तरी पिशवीत लॅपटॉप. नाटकाला जायचं नाही, गावी जायचं नाही.

ती पगाराच्या प्रणालीवाली मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, तेव्हा टीममध्ये चारच जण होते. म्हणजे दर चौथा आठवडा तिचा. बाळ चौदा महिन्यांचं. रात्री फोन वाजला की आधी बाळ जागं होणार, मग सासूबाई. ‘‘अगं, एवढ्या रात्री कोणाचा फोन? सगळं ठीक ना?’’ त्यांना काय सांगणार, की कुठल्या तरी डब्यावरचा भार ८० टक्क्यांच्या वर गेलाय! पाच मिनिटांनी यंत्र आपलं आपणच सावरायचं, पण झोप गेलेली असायची ती असायचीच.

तिच्या साहेबानं, तिच्या भल्यासाठीच म्हणून, सुचवलं की तुला ऑन-कॉलमधून काढू या. ऐकायला किती बरं वाटतं! पण या कामात जी संकटाच्या वेळी हजर असते, तिलाच प्रणालीची खरी ओळख होते आणि बढतीच्या वेळी तिचंच नाव निघतं. बाजूला काढलेली हळूहळू बाजूलाच राहते. तिनं उत्तर दिलं, ‘‘सर, मला पाळीतून काढू नका, पाळीच नीट लावू या.’’

नुसतं बोलून ती थांबली नाही. तिनं महिनाभरात रात्री आलेल्या प्रत्येक फोनची वही ठेवली. किती वाजता आला, कशासाठी, आणि माणसानं काही केलं नसतं तर काय झालं असतं? महिन्याअखेरीस ती वही तिनं बैठकीत सगळ्यांपुढे ठेवली. बरेचसे फोन असे होते की ज्यात माणसाला करण्यासारखं काहीच नव्हतं. यंत्र वाढप्यांची जुळवाजुळव करत होतं आणि तेवढ्यापुरतं कुरकुरत होतं. ते फोन बंद झाले. गिऱ्हाइकाला खरोखर त्रास होत असेल तरच रात्री फोन, बाकीचं सकाळी बघायचं, असं ठरलं. शेजारच्या टीममधले चौघं पाळीत आले. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा मिळाली. त्याचा फायदा टीममधल्या पुरुषांनाही झालाच. त्यांचीही बाळं रडतातच की!

तिनं आधाराला घेतलं होतं ते गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं या विषयावरचं पुस्तक. त्यात स्पष्ट म्हटलंय की माणसाचा पाव भागाहून जास्त वेळ ऑन-कॉलमध्ये जाऊ नये, बारा तासांच्या पाळीत दोनहून जास्त संकटं हाताळायला लागू नयेत, आणि एकाच ठिकाणच्या टीमनं ही जबाबदारी घ्यायची तर किमान आठ माणसं हवीत. या जादा कामाचा मोबदला रजेच्या किंवा पैशांच्या रूपानं द्यावा, असंही त्यात आहे. आठ डब्यांचं काम चार डब्यांवर लादलं तर ते कोसळतात, हे ज्यांना पंधरा सेकंदांत कळतं, त्यांना आठ माणसांचं काम चौघांवर लादलं तर काय होतं, हे वर्षानुवर्षं कळत नाही, याला काय म्हणावं?

कायद्याचंही बघायला हवं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था करावी लागते. चांगलंच आहे. पण हे नियम डोळ्यांसमोर ठेवतात ते ऑफिसात जाऊन केलेलं काम. घरच्या पलंगावर रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडणारी बाई कुणाला दिसतच नाही. ती घरात आहे ना, मग ती सुरक्षितच! तिची झोप मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी

एवढं वाचून कुणी घाबरून जाऊ नका. हे काम सुरेख आहे. रोज नवा प्रश्न, रोज नवं डोकं. कुबरनेटीजची देखभाल करणाऱ्या जागतिक संस्थेची धुरा २०२० पासून काही वर्षं प्रियांका शर्मा यांच्याकडे होती. त्याच संस्थेच्या तांत्रिक समितीचं अध्यक्षपद लिझ राइस यांनी सांभाळलं. म्हणजे वाट मळलेली आहे.

शिकायला फार भांडवल लागत नाही. ‘मिनीक्यूब’ नावाची छोटी आवृत्ती घरच्या लॅपटॉपवर फुकट चालते. त्यावर दोन डबे चालवा, मुद्दाम भार वाढवा, तांडेल काय करतो बघा. मग भार कमी करा आणि पाच मिनिटं घड्याळ लावून बसा. ‘सीकेए’ नावाची परीक्षा घरबसल्या देता येते. दोन तासांची असते आणि तिच्यात प्रश्नांची घोकलेली उत्तरं चालत नाहीत, प्रत्यक्ष बिघाड दुरुस्त करून दाखवावे लागतात. मुलांमुळे चार-पाच वर्षं नोकरी सोडलेल्या मुलींना परतायला हा एक चांगला रस्ता आहे.

फक्त मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. ऑन-कॉलच्या पाळीत माणसं किती? गेल्या महिन्यात रात्रीचे फोन किती आले? आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी काय? उत्तर देताना समोरचा गडबडला, तर तिथली यंत्रं कितीही आधुनिक असोत, तिथला गडी एकटाच आहे असं समजा.

आणि ज्यांच्या घरात अशी लेक-सून आहे त्यांनी एवढंच करावं. महिनाअखेरीला ती सकाळी उशिरापर्यंत झोपली असेल, तर तिला उठवू नये. रात्री कुणाच्या तरी पगाराची पावती वेळेवर पोचावी म्हणून ती जागली असेल. पहिला चहा त्या दिवशी दुसऱ्या कुणी केला, तर घर काही कोसळत नाही.